चारची लाँच
जहाज सिंगापूरला लागलं की धाकटा भाऊ परेश माझ्या सेरंगूनच्या फ्लॅटवर हमखास यायचा. मी साडी नेसून बाई म्हणून राहू लागले, तेव्हापासून दोन वर्षं फिरकला नव्हता. काल फोन आला, “उद्या येतो.” आज भाऊबीज, त्याच्या लक्षात होतं की नाही, देव जाणे. सकाळपासून ओवाळायचं ताट मी तीनदा मांडलं, तीनदा ओट्यावर झाकून ठेवलं. तो आला आणि पंख्याखाली बसून रुमालाने मान पुसत राहिला. पूर्वी दादा म्हणायचा. आता काहीच म्हणेना. “चारची लाँच आहे,” एवढंच बोलला. “आईला सांगशील, इथे आलास ते?” “बघू.” मी चहा ओतायला गेले. कप घेऊन बाहेर आले, तर परेश खुर्ची सोडून जमिनीवर मांडी घालून बसलेला. तोच रुमाल त्याने डोक्यावर घेतला होता. “ओवाळ लवकर, चारची लाँच आहे.”