घरी पोहोचलास का?

दरवर्षी नव्या रायपुरात कॉन्फरन्स आटोपली की प्रोग्रामर मंडळींची पार्टी रंगायची. परतीचे रस्ते लांब नि सुनसान, म्हणून लोकेशनं एक बॉट बनवला होता. तो प्रत्येकाला विचारायचा, 'घरी पोहोचलास का?' आणि 'हव'चं, म्हणजे 'हो'चं, बटण दाबेपर्यंत फोन वाजवत राहायचा.

गेल्या वर्षी खुद्द लोकेशचंही 'हव' आलं, म्हणून सगळे निर्धास्त झोपले. सकाळी तो परतीच्या रस्त्याच्या कडेला मोटारसायकलखाली सापडला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर वाचला असता. घरी न पोहोचलेल्या माणसानं 'हव' दाबलं कसं, हा प्रश्न वर्षभर त्याच्या प्रोग्रामर मैत्रिणीच्या, शर्मिष्ठाच्या, मानगुटीवर बसला होता.

यंदा तिनं बॉट पुन्हा सुरू केला, पण त्यातून लोकेशचं नाव काढायला तिचा हात धजला नाही. पार्टीहून ती घरात शिरते न शिरते तोच लोकेशच्या नंबरावरून फोन आला. तिनं तो उचलला.

पलीकडे त्याची आई होती.



"पोरी, मागल्या वर्षी फोन घरीच विसरून गेलता तो. वाजूवाजू डोकं उठवलं, म्हणून मीच 'हव' दाबलं. आता पुन्हा विचारून राहिला... काय दाबू वं?"