कुरणावरची सावली

स्क्रीनवर, खेळातल्या हिरव्या कुरणावरून एका भल्यामोठ्या पक्ष्याची सावली सरकत गेली, पण आकाशात पक्षी नव्हता.

"ही कुणाची करामत?" टीमच्या प्रमुख इंजिनिअर ताईंनी विचारलं.

"माझी नाही बुवा," शेजारचा चित्रकार म्हणाला. "आपल्या खेळात पक्षीच नाहीत, ताई."

टीममध्ये कुठेही घोडं अडलं की वाट काढायची ती ताईंनीच. त्यांनी दुपारभर कोड पिंजून काढला. पक्ष्याचा मागमूस नव्हता. शेवटी त्यांनी खेळातला सूर्यच बंद केला. झाडांच्या, कुंपणाच्या, मेंढ्यांच्या सगळ्या सावल्या पुसल्या गेल्या. ती एक मात्र संथपणे पंख हलवत राहिली.

"बाई गं!" ताई पुटपुटल्या. इतकं देखणं काही त्यांच्या हातून कधी घडलं नव्हतं.

चरणाऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. तसं करायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सावली स्क्रीनच्या कडेला आली, पण थांबली नाही. ती टेबलावर उतरली आणि कीबोर्डवरून, ताईंच्या हातावरून पुढे गेली. हात गार पडला. बघता बघता अख्खी खोली झाकोळली.

चित्रकार छताकडे बघत हळूच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"ताई," तो म्हणाला, "वर बघा."