जन्माची लवंग

डच कंपनीचे शिपाई लवंगेची झाडं तोडत शेजारच्या परसापर्यंत आले होते. यापुढे लवंग फक्त कंपनीच्या अंबोन बेटावर पिकेल, असा हुकूम होता. घाव ऐकू आला की मी लेकीकडे बघायचो. आमच्या मालुकूत मूल जन्मलं की त्याच्या नावाची लवंग लावतात, आणि झाड गेलं की माणूसही जातं, असं मानतात. लेकीला सातवा महिना लागला होता.

"बाबा, आईचं झाड बघा," ती म्हणाली. "आई जाऊन चार महिने झाले. एक पान तरी पिवळं पडलंय का? झाडांना काही कळत नसतं."

शिपायांबरोबरचा कुऱ्हाडवाला पलीकडच्या बेटावरचा, आमच्यातलाच होता. "सरका, म्हातारबा," तो म्हणाला. "माझं झाड मीच पाडलं. अजून दोन वेळा जेवतोय."

लेकीचं झाड पडलं तेव्हा मी तिचं मनगट घट्ट धरून होतो. नाडी चालू होती. तिनं हळूच हात सोडवून घेतला. "झालं ना समाधान?" माझा जीव भांड्यात पडला.

मग कुऱ्हाडवाला दुसऱ्या झाडाकडे वळला. ज्या बाईचं ते झाड, ती तर केव्हाच गेली होती. भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी धावत जाऊन बुंध्याला मिठी मारली.

"हिला नको," मी म्हणालो. "हिला अजून काही झालेलं नाही."