डाव्या कुशीवरचा व्रण

धाकटीनं टॉवेल बाजूला टाकला आणि थोरलीला तो व्रण दिसला.

डाव्या कुशीवर, फासळ्यांखालून कमरेकडे गेलेला. वीतभर लांब, अजून लालसर.

थोरली पोहायला शिकवायची. तलावावरच्या कपडे बदलायच्या खोलीत तिनं वीस वर्षांत नाना तऱ्हेची पोटं आणि पाठी पाहिल्या होत्या. पण या व्रणावरून तिची नजर हटेना. पाच महिन्यांपूर्वी तिला कुणीतरी किडनी दिली होती. कुणी, ते रुग्णालय काही केल्या सांगेना. "नाव कळू द्यायचं नाही, अशी देणाऱ्याची अट आहे," एवढंच उत्तर.

आणि आज धाकटी बारा वर्षांनी अचानक उगवली होती. आईच्या शेवटच्या दुखण्यात ती फिरकली नाही, तेव्हापासून थोरलीनं तिचं नाव टाकलं होतं. आजही तासभर तिला इतरांसारखंच हातपाय मारायला शिकवलं, शब्दही जास्तीचा बोलली नव्हती.

"हे काय गं?"

धाकटीनं घाईघाईनं टॉवेल ओढून घेतला. "ऑपरेशन झालं."

"कसलं?"

"एक किडनी काढली." ती चप्पल शोधायला वाकली. "डॉक्टर म्हणाले, आता पोहायला जात जा. म्हटलं, शिकायचंच तर तुझ्याकडे शिकावं."

"काढली कधी?"

"झाले की पाच-सहा महिने. जाऊ दे ना, ताई."

ताई! थोरली बहिणीला कवटाळून हमसाहमशी रडली. धाकटी काहीतरी सांगू पाहत होती, पण ते त्या रडण्यात वाहून गेलं.

त्यानंतर दर रविवारी धाकटीचं ताट थोरलीकडे वाढलं जाऊ लागलं. थोरली तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नसे. "आईसाठी जमलं नाही, ते माझ्यासाठी केलंस. फिटलं सगळं," ती एकदा म्हणाली. धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली.

उपकार बोलून दाखवलेले हिला आवडत नाहीत, हे थोरलीनं ओळखलं. तिनं विषय सोडला. एक कुतूहल मात्र तिला स्वस्थ बसू देईना. एकीच्या पोटातली वस्तू दुसरीच्या पोटात जाते तरी कशी?

वर्षाच्या तपासणीला तिनं सर्जनबाईंना ते विचारलंच.

"बघायचंय?" सर्जनबाई खूश झाल्या. "तुमचीच किडनी काढतानाची फिल्म आहे, विद्यार्थ्यांसाठी केलेली. देणाऱ्या बाईंची परवानगी आहे. चेहरा दिसणार नाही, नाव विचारायचं नाही."

"नावाची मला गरजच नाही," थोरली म्हणाली आणि शेजारी बसलेल्या धाकटीला तिनं कोपर मारलं.

"मी बाहेर बसते," धाकटी उठली.

"बस गप्प. पराक्रम करताना घाबरली नाहीस, आणि आता?"

खोलीतला दिवा मंद झाला. पडद्यावर एक लालपिवळी गुहा उघडली. तिच्यात उजेड घेऊन एक बारीक नळी शिरली, मागोमाग लांब दांड्यांची हत्यारं. थोरली इतकी पुढे झुकली की तिचं नाक पडद्याला लागायचंच बाकी होतं.

"हे पिवळं काय?"

"चरबी."

"बरं झालं तिथंच राहिली. माझ्याकडे आहे तेवढी पुरे."

सर्जनबाई हसल्या. तेवढ्यात चरबीआडून गुलाबी, गुळगुळीत असं काहीतरी पुढे आलं.

"हीच?" थोरलीचा आवाज बारीक झाला. "एवढीशी?"

"मुठीएवढी. आता बघा."

हत्यारांनी तिला हळुवार सोडवलं, एका पातळ पिशवीत सरकवलं आणि पिशवी खाली ओढायला सुरुवात केली.

"अहो, खाली कुठं चालली?"

"ज्या वाटेनं मूल जगात येतं, त्याच वाटेनं. हत्यारंही तिथूनच आत नेली होती."

"म्हणजे माझ्या किडनीचं चक्क बाळंतपण केलंत!"

"तसंच समजा. बाई तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेल्या. हा शेवटचा फोटो, महिन्याभरानंतरचा."

पडद्यावर एका बाईचं पोट आलं, मग उजवी कूस, मग डावी. थोरलीनं डोळे बारीक केले.

"चीर कुठं आहे?"

"नाहीच. त्यासाठी तर हा सगळा खटाटोप. बाहेरून एक टाकासुद्धा नाही." दिवा लावून सर्जनबाई दुसऱ्या पेशंटकडे निघून गेल्या.

थोरली हळूहळू वळली. धाकटीनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती.

"तू माझ्याशी पुन्हा बोलायला लागलीस, मग खरं सांगायला जीभच रेटेना," ती म्हणाली. "तुझं कळलं तेव्हा मी रुग्णालयात आले होते गं, तुला किडनी द्यायलाच आले होते. देण्याआधी करतात त्या तपासणीत माझ्याच किडनीत कॅन्सरची गाठ निघाली. ताई, तुझं निमित्त झालं नसतं, तर मी आज नसते."