देवघरातला अॅसिटोन

तंजावरच्या राजगोपालरावांनी रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून जन्म काढलेला. एकादशीच्या सकाळी देवघरात अॅसिटोनचा वास आला आणि त्यांचं डोकंच फिरलं.

“हरिता, नेलपॉलिश पुसायची ती बाटली आधी बाहेर फेक! रंग पातळ करायला वापरतात ते, प्लास्टिक विरघळवायला. कारखान्यातली घाण देवापुढे? तुझ्या पापनाशमच्या माहेरच्यांना सोवळं काय कळणार म्हणा!”

सुनेने बाटली फेकली. तरी दुपारी वास वाढलाच. त्यांनी तिचं कपाट उचकलं, पर्स उपडी केली. घशाला कोरड पडली, पण तोंडाचा पट्टा थांबेना. “उपासाला पोटात अन्न नाही, मग इन्सुलिन कशाला?” म्हणत त्यांनी दशमीपासून सुई टोचून घेतली नव्हती. संध्याकाळी धाप लागली, तेव्हा हरितानेच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

“बघा डॉक्टर, इथेही वास! ही बया दुसरी बाटली घेऊन आलीय.”

डॉक्टर त्यांच्या तोंडाशी वाकले आणि झटकन मागे सरले.



“इन्सुलिन बंद केलं की अॅसिटोन शरीरातच तयार होतं, सर. सकाळपासून तुम्ही स्वतःचंच तोंड हुंगताय.”