शेजारी बसणारी

अनाएलीनं खिशातून इसालेचं पान काढलं आणि भर कोर्टात बायकोपुढे धरलं. "प्रिस्का, चुकलो. माफ कर. घरी चल."

आमच्या किलिमांजारोच्या उतारावर हे लांबट हिरवं पान पुढे करून कुणी माफी मागितली की नाही म्हणायची सोय नसते. मग त्यानं तुमचं घर का जाळलेलं असेना. प्रिस्कानं दोन्ही हात पाठीमागे नेले. पान हातात पडलं की आपला घटस्फोटाचा अर्ज गेला चुलीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाणीवर गेलेला नवरा वर्षानुवर्षं गायब होता. ना निरोप, ना ठावठिकाणा. आणि आता हा पान घेऊन उभा!

हाकीम, म्हणजे न्यायाधीश, शाबानी पडला समुद्रकाठचा. नवा, तरणा. त्याला पान म्हणजे पान. तो दोन्ही बाजूंना बसलेल्या गावच्या असेसरांकडे वळला. कायदा त्याचा, रीत त्यांची, आणि निकाल तिघांच्या मतानं.

किमारोबाबा डुलकीतून जागे झाले. "पान आलं, विषय मिटला. बाईनं मुकाट घरी जावं. मला भूक लागलीय."

"मांकाआजी, तुम्ही?" शाबानीनं दुसरीकडे मान वळवली. "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल तिकडे मी."

सकाळी चहा पिताना याच पोरानं मांकाआजीला सांगितलं होतं की असेसर हा शब्द मूळचा रोमन लोकांचा, आणि अर्थ एवढाच, शेजारी बसणारा. ती खो खो हसली होती. "अरे देवा! एवढ्यासाठी सरकारला माणूस लागतो होय?"

आता हसू कुठल्या कुठे गेलं होतं. तिचा नवरा एलिफासी तरुणपणी ट्रक घेऊन मोंबासाला गेला, तो गेलाच. तेव्हापासून ती या पानाची वाट बघत होती. कुंपणाशी पाऊल वाजलं की तिचं काळीज अजून लक्कन हलायचं. अनाएलीच्या हातातलं पान बघून तिला भडभडून आलं. घे गं बाई, आलाय ना, घे पटकन, असं अगदी ओठांवर आलं.

पण तिनं विचारलं अनाएलीला. "काय रे, पान आधी हिच्या दारात नेलं होतंस का?"

"नाही, आजी."

"का?"

"दार लावून घेतलं असतं तिनं. इथं सगळ्यांसमोर तिला नाही म्हणता येणार नाही, म्हटलं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. आजी नाही हसली. ती प्रिस्काकडे वळली.

"पोरी, खरं सांग. हवाय का तुला हा?"

"हवा होता, आजी. फार हवा होता. वाट बघून बघून जीव विटला. आता मला कुणाची वाट बघायची नाही, बस्स."

आजीनं खांद्यावरचं कापड पदरासारखं तोंडाशी नेलं. मग तिचा आवाज आला, नेहमीसारखा खणखणीत.

"लिहा, साहेब. पान दारात न्यायचं असतं. तिथं दार लागलं तर बाहेर उभं राहायचं असतं, उन्हातान्हात. हा ते सोडून इथं आला. हे इसाले नव्हे, हे समन्स आहे. बाईला मोकळी करा."

"बाईच बाईची बाजू घेणार," किमारोबाबा पुटपुटले.

"तुम्ही झोपा हो."

शाबानीनं निकाल तसाच लिहिला. प्रिस्का बाहेर पडली तेव्हा तिचे हात अजून पाठीमागेच होते. अनाएली पान टेबलावर टाकून निघून गेला. आजीनं ते उचललं, बोटांनी पुसलं. शाबानी तिच्याबरोबर पायरीपर्यंत आला. गावानं त्याला एव्हाना एलिफासीबद्दल सगळं सांगितलेलं होतंच.

"आजी, रागावू नका. पण तुमच्यापुढे असं कुणी भर कोर्टात पान धरलं असतं तर?"

"माझ्यापुढे?" आजी हसली, आणि डोळे भरले ते तिनं लपवलेही नाहीत. "अरे बाबा, मी पानाकडे बघितलंच नसतं. आणणाऱ्याकडेच बघत राहिले असते."

घरी येऊन तिनं पान कुंपणातल्या इसालेच्या झुडपाच्या मुळाशी ठेवलं. मग दारातल्या बाकावर बसली, रोजच्यासारखी अगदी कडेला, एका माणसाची जागा सोडून.