डॉटर म्हणजे दोहणारी

चौथ्या दिवशीही म्हशीनं लाथ झाडली आणि चरवी गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आपटली. किसन मास्तर शेणाचिखलात बसकण मारून तसेच राहिले. कास दगडासारखी टणक झाली होती. आज दूध निघालं नाही तर सड कायमचे जातील, असं ढोरांचा डॉक्टर स्वच्छ सांगून गेला होता. अन् म्हशीचा तरी काय दोष? पहिल्या वेतापासून तिला एकाच हाताची सवय. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि मास्तरांची एकुलती एक रेणुका गेली. तो हात मंगळवारी वडनेरच्या मसणात जळाला.

मास्तरांनी तीस वर्षं जवळच्या नांदुऱ्यात इंग्रजी शिकवलं. त्यांचा लाडका शब्द एकच, डॉटर. फळ्यावर लिहायचे आणि छाती फुगवून सांगायचे, "हा काही परका शब्द नाही रे! आपली दुहिता आणि त्यांची डॉटर, एकाच आईच्या लेकी. दुहिता म्हणजे दोहणारी, घरची धार काढणारी!" पोरं टाळ्या वाजवायची. मास्तर दिवसभर खुशीत असायचे.

नऊ वर्षांपूर्वी रेणुकाचा अकोल्याला नर्सिंगला नंबर लागला, आणि त्याच साली तिची आई वारली. तेव्हा पोरीनं बापाचंच एक जाडजूड पुस्तक उघडून त्याच्यासमोर ठेवलं.

"बाबा, पंडितायनं दुसराबी अर्थ देला हाये. दूर गेल्यावर जिचं भलं होते, थे दुहिता. हा काऊन नाई सांगत तुमी वर्गात?"

"अन् म्हैस कोन दोहीन? मले त हात लावू देत नाई थे."

झालं! तेवढ्यावर पोरीचं शिक्षण आटोपलं. पुढं कोणी स्थळ आणलं तरी मास्तरांच्या तोंडी हेच उत्तर.

आता शेजारच्या गोजरबाई घरात जाऊन दांडीवरची ओढणी घेऊन आल्या. "गुरुजी, जनावर वास ओळखते. रेणूची ओढनी डोक्यावरून घ्या अन् बसा."

मास्तरांनी ओढणी घेतली. पोरीच्या घामाचा आणि सरकीच्या ढेपेचा वास अजून गेला नव्हता. डोकं झाकून ते म्हशीखाली बसले. म्हशीनं मान वळवून हुंगलं, एक लांब सुस्कारा टाकला आणि भडाभडा पान्हा सोडला. बघता बघता चरवी भरली.

"वाचली बाप्पा म्हैस!" गोजरबाईंनी हात जोडले. "आता काऊन रडता, गुरुजी?"

अकोल्याला जायचं ठरलं होतं, त्याच्या आदल्या दिवशी रेणुकानंही आपली ओढणी मास्तरांपुढे धरली होती, "एक डाव पांघरून म्हशीखाली बसून त पाहा, बाबा," असं विनवलं होतं. आणि पोरीचं फडकं डोक्यावर घेतलं तर गाव हसेल म्हणून त्यांनीच ती भिरकावून दिली होती.